तासिकेची वेळ

देवगडहून फॉर्म आला आहे, तीन प्रतींत भरायचा.
उपक्रमाचे नाव : सुट्टीतील जादा तास, दहावी, गणित.
पट : अकरा. मानधन : निरंक.
इथवर पेन अडलं नाही.
पुढे काड्यापेटीएवढा चौकोन :
तासिकेची वेळ.

मी जतकडचा.
आमच्याकडे पाणी टँकरने यायचं
आणि आलं की राहायचं, हौदात, झाकण लावून.
ते दिवसातून दोनदा येतं नि दोनदा निघून जातं
हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं,
दिवाळीच्या सुट्टीत, पहिल्याच दिवशी,
साडेचारला फळ्यावर तारीख घालून वळलो तर
समोर चार पोरं.
उरलेली सात मोंडखाडीच्या पलीकडे
चिखलात बसलेल्या होडीशेजारी उभी,
दप्तरं डोक्यावर.
शाळा असते तेव्हा एस.टी. वळसा घालून आणते त्यांना.
सुट्टीत तिलाही सुट्टी.

दुसऱ्या दिवशी लौकिक तारी म्हणाला,
"सर, सुकतीक होडी लागना नाय.
भरती बघान तास लावा."
मी हसलो. मग कॅलेंडर मागितलं.
मग त्याच्या काकांकडून शिकलो
तिथीवरून पाणी मोजायला, बोटांच्या पेरांवर.

तर सोमवारी साडेचार. मंगळवारी पाच वीस.
बुधवारी सहा दहा, गुरुवारी सात,
वीज गेली तर होडीतलीच बॅटरी फळ्यावर धरून.
आणि शुक्रवारी सकाळी सात पंचवीस,
पोरं अर्ध्या झोपेत, पायाला ओली वाळू,
प्रमेयाच्या मधोमध कुणाची तरी जांभई
आणि मग सगळ्यांचीच. माझीसुद्धा.
मुख्याध्यापक म्हणाले, याला वेळापत्रक म्हणत नाहीत.

दुर्वा मेथरला पहिल्या सत्रात चाळीसपैकी नऊ.
क्ष दिसला की ती खिडकीकडे बघायची,
लग्नात नको तो पाहुणा दिसावा तसं.
एक दिवस आलीच नाही. शोधत किनाऱ्यावर गेलो.
रापण नुकती ओढून झाली होती,
आणि माणसांच्या रिंगणात ती, हातात काठी,
वाळूवर हिशेब :
जाळ्याचे दोन वाटे, होडीचा एक,
माणसांचे सतरा,
नि कावीळ झालेल्या बाबीचा अर्धा, घरी पोचवायचा.
विक्री सहा हजार एकशे पन्नास.
"वाट्याक तीनशे," ती म्हणाली,
माझं मनात साडेवीस जुळायच्या आत.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर क्ष लिहिला नाही.
वाटा लिहिला.
साडेवीस वाटा बरोबर सहा हजार एकशे पन्नास.
वर्ग हसला, ती नाही हसली.
बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,
"सर, आजारी माणसाक अर्धो कित्याक,
ता कंसात कसा लिवतलास?"
मी म्हटलं, उद्या सांगतो.
उद्याला आता अकरा दिवस झाले.

याच ड्रॉवरमध्ये
माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्जही आहे.
त्यात सगळे रकाने भरलेले. सही राहिली आहे.
राहू दे, आज हा फॉर्म.

फलित : परीक्षा मार्चमध्ये.
दुर्वाला काल चाचणीत चौदा.
लौकिकला सहा, पण त्याने
पुढच्या शनिवारची भरती मिनिटावर काढून दाखवली
आणि उत्तर तपासायला आम्ही सगळे जेटीवर गेलो.
हे लिहायला रकाना नाही.

ऑफिसात फोन केला.
क्लार्क म्हणाले, सर, वेळ एकच टाका,
कॉम्प्युटर दुसरी घेत नाही.
टाकली : साडेचार.

तसं अगदीच खोटं नाही.
वद्य षष्ठीला एकदा, शुद्ध षष्ठीला एकदा,
आमचा तास साडेचारलाच असतो.